"अक्का, भाऊ पीत होता काय?"

खानापूरच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, बेळगावच्या बसमध्ये माणसं आवाज उतरवून मला हेच विचारतात, कारण भावाला लिव्हरचा कॅन्सर निघाला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, माझा भाऊ दारूला कधी शिवला नाही. आजार निघाला तेव्हा 22 वर्षांचा होता, साधी कावीळही कधी झाली नव्हती. या प्रश्नात पोराची चूक शोधलेली असते आणि ती आमच्या आईला ऐकावी लागते, म्हणून सगळंच सांगते.

आजाराचं नाव फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा, लिव्हरच्या कॅन्सरचाच एक प्रकार. लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा हेपटायटिस, म्हणजे लिव्हरची सूज, नाहीतर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर वण पडून कडक होणं, असतो. हा मात्र धडधाकट लिव्हरमध्ये उगवतो, तोही बहुधा कोवळ्या वयात. गाठीच्या पेशींत 19 नंबरच्या क्रोमोसोमचा, म्हणजे जीन असलेल्या धाग्याचा, एक तुकडा गळतो आणि दोन जीन एकमेकांना चिकटतात, हे 2014 मध्ये उघड झालं. त्यात दारू कुठेच नाही.

सुरुवातीला त्याला उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, अर्ध्या जेवणावरून उठायचा. चार महिने पित्ताच्या गोळ्या झाल्या. मग एका डॉक्टरांनी एएफपी ही रक्ताची तपासणी केली; लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये ती बरेचदा वाढलेली येते. ती नॉर्मल आली, म्हणून कॅन्सर नाही म्हणाले. आम्ही देवाला नारळ फोडला. या आजारात एएफपी बहुधा नॉर्मलच येते, हे आम्हाला कुठलं ठाऊक! पुढे सोनोग्राफीत मोठी गाठ दिसली, सीटीत तिच्या मधोमध वण, आणि बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्यावर, नाव कळलं.

मुंबईच्या सर्जननी रिपोर्टच्या पाठीमागे लिव्हरचं चित्र काढून आईला समजावलं. उजवा अर्धा भाग गाठीसकट काढायचा. शेजारच्या लसिकाग्रंथीही काढायच्या, कारण हा कॅन्सर तिथे पसरतो. उरलेलं लिव्हर पुरेल का, हे सीटीवर आधीच मोजलं होतं. "एवढं कापल्यावर जगेल कसा?" आईनं विचारलं. लिव्हर निरोगी आहे, उरलेलं वाढून जागा भरून काढेल, म्हणाले. पीत नव्हता, ते तिथे कामी आलं.

सात तास ऑपरेशन चाललं. आईनं पाण्याचा घोट घेतला नाही.

हा आजार परत येतो, बऱ्याच जणांना येतो. म्हणून दर काही महिन्यांनी सीटी असते, आणि आदल्या रात्री आमच्या घरात कुणी झोपत नाही. पुढची सीटी दिवाळीनंतर आहे. विचारायचंच असेल तर त्या सीटीचं विचारा.