आमची वाटचाल – खिळ्याला टांगलेला होज पाईप

२००३ ला पुण्यातल्या वारज्यात पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक जॅक, दोन पाना सेट आणि उस्तादांनी सात वर्षं कानावर घातलेलं एक वाक्य, बिघडलंय तेवढंच बदल. चुकीचं नाहीये ते, बाकीच्या कामात मी अजून तेच धरतो. पण कूलिंगच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेच्या कामात त्याच वाक्याने मला गोत्यात आणलं.

दुसऱ्याच वर्षी, मे महिन्यात, कोथरूडचे एक काका मारुती ८०० घेऊन आले, गाडी बारा-तेरा वर्षांची, रेडिएटर (इंजिनाचं गरम पाणी थंड करणारी जाळी) लीक. मी नवीन रेडिएटर आणि नवीन कॅप टाकली, इंजिन आणि रेडिएटर जोडणारे रबरी होज पाईप जुनेच ठेवले, म्हटलं चालतील अजून. तिसऱ्या दिवशी खंबाटकी घाटाजवळच्या एसटीडीवरून फोन, वरचा होज फाटला. झालं काय, तर जुन्या लीक रेडिएटरमुळे सिस्टिममध्ये प्रेशर टिकतच नव्हतं, ते नव्या कॅपने टिकवलं आणि घाटात मग जे सगळ्यात कमजोर होतं ते गेलं. त्यात काका काटा लालवर असताना तसेच दोनेक किलोमीटर चढले, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं, वाकलं. हेड उतरवलं, फेसिंग मारलं म्हणजे घासून सपाट केलं, नवीन गास्केट टाकलं, सगळं माझ्या खिशातून. काका शांत होते, काकू फोनवर जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून वही सुरू केली. एका गाडीला एक पान, कुठला पार्ट कधी आणि किती किलोमीटरला टाकला. रेडिएटरमध्ये भरायचा साधा हिरवा कुलंट दोन वर्षं नाहीतर ४० हजार किलोमीटर, लाँग लाइफवाला असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलंय तसं. होज चार-पाच वर्षं, गाडी कमी चालली असली तरी, कारण रबर वयानेही जातं. इंजिन थंड असताना क्लिपजवळ दाबून बघा, लिबलिबीत लागला किंवा करकरला की काढा. होजबरोबर कॅप आणि थर्मोस्टॅटही (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) टाकून घ्यायचा, दोन्ही स्वस्त आहेत. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टबरोबरच बदला, मजुरी एकदाच पडते, बाहेरच्या बेल्टवर असेल तर पंपाच्या खालच्या भोकातून ओघळ येतो का बघायचं आणि आला की पंप बदलायला थांबायचं नाही. रेडिएटर मात्र तारीख बघून बदलायला मी कधीच सांगत नाही, प्लॅस्टिकच्या टाकीला चीर दिसली किंवा जाळी हाताला चुरा होऊन आली तरच.

आणि थर्मोस्टॅट काढून फेकणारे! गाडी गरम होते म्हणून काढतात, मग इंजिन नीट तापतच नाही, ॲव्हरेज पडतं, आणि मूळ बिघाड तिथेच. तो साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो, त्याचं काम आहे ते, करू द्या की त्याला. दुसरा राग बोअरच्या पाण्याचा. सोसायटीच्या नळाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं आणि आत क्षार साचला की माझ्याकडे रॉडिंगला, म्हणजे सळई घालून नळ्या साफ करायला यायचं. पुण्याच्या उंचीवर साधं पाणी ९८ अंशालाच उकळतं, कॅपचं प्रेशर आणि कुलंट आहे म्हणून निभतंय.

सुरुवातीला गिऱ्हाईकं तुटली पण, 'फुटला नाही तर बदलायचा कशाला' या प्रश्नाला पेठेतल्या माणसापुढे उत्तर देऊन बघा एकदा. नाना पेठेतून एकदा स्वस्तातला पंप आणला, चार महिन्यांत सील गेलं, तेव्हापासून बिल दाखवूनच पार्ट टाकतो. मग हळूहळू जम बसला, २०११ ला लिफ्ट घेतली, तीन पोरं कामाला ठेवली. २०२० च्या लॉकडाऊननंतर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या रांगेने आल्या, पंप गळतायत, होज तडकलेत, आणि तेव्हा वहीतून कोणाचं काय थकलंय ते काढून आम्हीच फोन केले. आता मुलाने ती वही मोबाइलमध्ये घेतलीये.

काकांनी ती ८०० पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा पासिंग करून आणखी चालवली, होजचे दोन सेट माझ्याकडूनच गेले. खंबाटकीतला तो फाटका होज मात्र शेडमध्ये खिळ्याला आहे, गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की मुलगा काही न बोलता आत जातो आणि तो घेऊन येतो.