उसनवारीवरची विमानं: शिकागोहून डेटनपर्यंत

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम गावच्या विमानांच्या म्युझियममध्ये गेलात, तर विमानाकडे मान वर करण्याआधी समोरच्या पाटीकडे मान खाली घाला. पाटीच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते: हे विमान अमुक संग्रहालयाकडून उसनं आलं आहे. हवाई दलाचं असेल तर बहुधा ओहायो राज्यातल्या डेटनचं नाव असतं, नौदलाचं असेल तर फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचं. गावाने पन्नास-साठ वर्षं जपलेलं, पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याखाली फोटो काढलेले ते विमान गावाचं नसतंच. मालक वेगळा, राखणदार वेगळा. आणि मालक एक दिवस ट्रक पाठवतो.

या एका ओळीच्या मागे लागून मी आणि माझा मित्र शिकागो, कॅलमाझू, पेरू (इंडियानामधलं, दक्षिण अमेरिकेतलं नव्हे) आणि डेटन असा मोटारप्रवास केला. ज्यांना याच वाटेने जायचंय त्यांच्यासाठी हे टिपण.

सुरुवात शिकागोच्या ओहेअर विमानतळावरच होते. टर्मिनल दोनच्या पश्चिम टोकाला वाइल्डकॅट हे नौदलाचं जुनं लढाऊ विमान उभं आहे. ज्या बुच ओहेअर या नौदलाच्या वैमानिकाच्या नावाने हा विमानतळ ओळखला जातो, त्याने २० फेब्रुवारी १९४२ रोजी अशाच विमानातून लेक्सिंग्टन या विमानवाहू जहाजावर चालून आलेल्या जपानी बॉम्बफेकी विमानांना अंगावर घेतलं होतं. रंग आणि खुणा त्याच्या विमानाच्या आहेत, पण हे त्याचं विमान नाही. हे १९४३ साली सरावात मिशिगन सरोवरात बुडालं होतं.

युद्धकाळात पाणबुड्यांच्या भीतीने नौदलाने वैमानिकांचं शिक्षण समुद्रावरून या गोड्या पाण्याच्या सरोवरात आणलं. बाजूच्या वल्ह्यांच्या चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या, कोळशावर चालणाऱ्या दोन प्रवासी बोटींचे वरचे मजले कापून त्यावर धावपट्टी ठोकली आणि त्यांना वुल्व्हरिन आणि सेबल अशी नावं दिली. विमान खाली न्यायला लिफ्ट नाही, ठेवायला हँगर नाही. हजारो वैमानिक इथे जहाजावर उतरायला शिकले आणि शंभराहून जास्त विमानं तळाला गेली. थंड, गोडं पाणी असल्यामुळे ती गंजली नाहीत. पुढे डझनावारी वर काढली गेली आणि देशभरातल्या म्युझियमांना उसनी दिली गेली. आता मात्र सरोवरात बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी तळाच्या उरल्यासुरल्या सांगाड्यांवर थर चढवलेत, त्यामुळे ‘राहू दे तिथेच, सुरक्षित आहे’ हा जुना युक्तिवाद आता चालत नाही.

वाइल्डकॅटजवळ गेलात तर चाकांकडे बघा. ती पंखात नाहीत, पोटाखाली जवळजवळ चिकटून आहेत, आणि उड्डाणानंतर वैमानिक ती हाताने दांडा फिरवून आत घ्यायचा. एका हातात विमान, दुसऱ्या हाताने दांडा. म्हणून उड्डाण केल्या केल्या ही विमानं डुलताना दिसायची म्हणतात, आणि ती चाकं बघितली की ते लगेच पटतं.

हे विमान सुरक्षा तपासणीच्या आत आहे. म्हणजे देशांतर्गत विमानाचं तिकीट हातात असेल तरच दिसेल. भारतातून येणारी विमानं टर्मिनल पाचला लागतात आणि तिथून आतल्या आत चालत टर्मिनल दोनला जाता येत नाही. पुढचं विमान टर्मिनल एक, दोन किंवा तीनवरून असेल तर तपासणी आटोपून मग चालत जा, तिन्ही आतून जोडलेली आहेत. शिवाय टर्मिनल दोन पाडून तिथे नवं बांधायची योजना आहे, तेव्हा जाण्याआधी विमान जागेवर आहे ना हे विचारून घ्या. शिकागोच्या दुसऱ्या विमानतळाचं नावच मिडवे. तिथे कॉनकोर्स ए मध्ये असंच सरोवरातून काढलेलं डॉन्टलेस हे नौदलाचं बॉम्बफेकी विमान टांगलेलं आहे, तेही तपासणीच्या आत.

शिकागोहून कॅलमाझू आय-९४ वरून अडीच तास. मिशिगनमध्ये घड्याळ एक तास पुढे सरकतं, हे वेळापत्रकात धरा, नाहीतर दुपारच्या शेवटच्या तासात घाई होते. इथलं एअर झू तिकीट लावणारं, लहान मुलांसाठी झुले-पाळणे असलेलं म्युझियम आहे. गर्दी बघून नाक मुरडू नका. वाइल्डकॅट, हेलकॅट, बेअरकॅट अशा ग्रमन कंपनीच्या ‘मांजरां’मुळे त्याला झू म्हणतात. मुख्य आकर्षण एसआर-७१बी. हे ताशी तीन हजार किलोमीटरच्या वर जाणारं टेहळणी विमान. शिकाऊ वैमानिकासाठी त्याची बी आवृत्ती फक्त दोनच बनली, एक १९६८ मध्ये कोसळलं आणि दुसरं हे. मागच्या आसनाचं टप्पर कुबडासारखं वर आलंय, कारण शिक्षकाला शिकाऊच्या डोक्यावरून पुढचं दिसायला हवं. पाटी बघा: मालक हवाई दल.

इथेच गुलाबी रंगाचं पी-४० हे महायुद्धातलं लढाऊ विमान आहे. संस्थापकांपैकी स्यू पॅरिश महायुद्धात हवाई दलासाठी विमानं नेआण करणाऱ्या महिला वैमानिकांपैकी एक, आणि हे विमान त्या स्वतः चालवत. म्हणजे एकाच छताखाली दोन्ही तऱ्हा: एक विमान घरचं, दुसरं सरकारचं. घरचं म्युझियम विकू शकतं, बदलून दुसरं आणू शकतं. सरकारचं विमान मात्र विकता तर येत नाहीच, पण बऱ्याचदा हलवायचंही म्हटलं की परवानगी लागते.

वाटेत गाडी चालवताना आमचा वाद झाला तो यावरच. मित्राचं म्हणणं, लोकांनी वर्गणी काढून सांभाळलं तर ते लोकांचं. माझं म्हणणं, सांभाळलं हे आधी सिद्ध करा.

उसनवारीचे नियम फार गूढ नाहीत. अमेरिकी कायद्याच्या दहाव्या भागातलं कलम २५७२ लष्कराला जुनं सामान म्युझियम, नगरपालिका, माजी सैनिकांच्या संघटना यांना देण्याची किंवा बदल्यात देण्याची मुभा देतं, अट ही की सरकारला खर्च पडता कामा नये. म्हणजे विमान सुटं करून आणणं, जोडणं, रंगवणं, बाहेर काढायची वेळ आली तर काढणं, सगळा भार घेणाऱ्यावर. देण्याआधी वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या आसनातली स्फोटकं काढतात, तोफा निकामी करतात, रेडियमने रंगवलेल्या तबकड्या तपासतात. नंतर दरवर्षी विमानाचे फोटो आणि ते नीट असल्याची खात्री पाठवावी लागते. ज्याला हे जमत नाही त्याच्याकडून विमान परत जातं, किंवा जागच्या जागी भंगारात.

एफ-१४ या नौदलाच्या लढाऊ जेटचं प्रकरण आणखी वेगळं. इराणकडे हीच विमानं आहेत आणि सुटे भाग तिथे पोहोचू नयेत म्हणून २००७ पासून नौदलाने निवृत्त एफ-१४ कापून त्यांचा चुरा केला. म्युझियममध्ये दिसणारं प्रत्येक एफ-१४ त्यातून वाचलेलं आहे.

कॅलमाझूहून दक्षिणेला यूएस-३१ धरलात की पेरूजवळ रस्त्यालाच ग्रिसम एअर म्युझियम लागतं. माझ्या मते हाच या प्रवासातला सगळ्यात बोलका थांबा, जरी बघायला सगळ्यात कमी असलं तरी. हा शीतयुद्धातला बी-५८ हसलर या बॉम्बफेकी विमानांचा तळ, आणि एक हसलर इथे उघड्यावर उभं आहे. चार इंजिनं, सुईसारखं नाक, आणि उंची इतकी की पंखांखालून ताठ मानेने चालता येतं.

पण इथे जे नाही त्याबद्दल विचारा. १९६१ पासून या तळावर एक बी-१७ हे दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान होतं. २०१५ मध्ये डेटनच्या संग्रहालयाने ते उचलून जॉर्जियातल्या रॉबिन्स तळावरच्या म्युझियममध्ये हलवलं. स्थानिकांना ते झोंबलं, आणि झोंबणारच. पण अर्धशतकाहून जास्त काळ इंडियानाच्या हिवाळ्यात, पावसात, पाखरांच्या घरट्यांसकट उघड्यावर उभं असलेलं अ‍ॅल्युमिनियमचं विमान म्हणजे हळूहळू होणारं भंगारच. रॉबिन्समध्ये त्याला छप्पर मिळालं आणि त्याच्यावर कामही सुरू झालं. छत नसताना विमान मागणं मला पटत नाही. चौकात खांबावर चढवलेलं जेट दिसायला रुबाबदार असतं, पण आत पाणी साचतं आणि खांब जिथे बसवला तिथला सांगाडा आधी जातो.

याच्या उलट गोष्ट शिकागोच्या दक्षिणेला, रँटूलमध्ये घडली. तिथला चॅन्यूट तळ १९९३ मध्ये बंद झाला, मग त्याच जागेत म्युझियम झालं आणि २०१५ च्या अखेरीस तेही बंद पडलं. बहुतेक विमानं उसनी, त्यामुळे ती देशभर पांगली. जगात उरलेलं एकमेव एक्सबी-४७ हे प्रायोगिक बॉम्बफेकी जेट सुटं करून कॅलिफोर्नियात एडवर्ड्सला गेलं, हसलर कॅसल म्युझियमला. जुन्या प्रवासवर्णनांत रँटूलचं कौतुक वाचून गाडी तिकडे वळवू नका.

डेटनला पोहोचलो आणि आवाक्याची कल्पना आली. राइट-पॅटरसन तळाच्या हद्दीतलं हे राष्ट्रीय हवाई दल संग्रहालय, चार प्रचंड हँगर, साडेतीनशेहून जास्त विमानं आणि क्षेपणास्त्रं. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. तळ चालू असला तरी म्युझियमचं दार वेगळं आहे, परदेशी पासपोर्ट असला तरी आधी परवानगी लागत नाही. दारात पिशव्या तपासतात. रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी सोडून.

मेम्फिस बेल नावाचं प्रसिद्ध बी-१७ दुसऱ्या महायुद्धाच्या दालनाच्या मध्यभागी आहे. १७ मे १९४३ रोजी तिच्या चमूने पंचविसावी मोहीम पुरी केली आणि मग विमान युद्धरोखे विकायला अमेरिकाभर फिरलं. युद्ध संपल्यावर ओक्लाहोमात भंगारात निघालं होतं ते मेम्फिस शहराने ३५० डॉलरला सोडवलं. पुढची अनेक दशकं ते उघड्यावर होतं. लोकांनी आतली यंत्रं उचलून नेली. सत्तरीच्या दशकात शहराने ते हवाई दलाला परत दिलं आणि नीट सांभाळण्याच्या अटीवर स्वतःकडेच ठेवलं. अट काही पाळली गेली नाही. २००५ मध्ये बेल डेटनला आली आणि २०१८ मध्ये, मोहिमेच्या बरोबर पंचाहत्तराव्या वर्षी, लोकांसमोर आली. पत्र्यावरचे थर काढताना १९४३ च्या दौऱ्यात लोकांनी खिळ्याने-किल्लीने कोरलेली नावं सापडली. नाकाच्या दोन्ही बाजूंना जाऊन बघा: एका बाजूची तरुणी निळ्या कपड्यात आहे, दुसऱ्या बाजूची लाल.

बेलसाठी जागा झाली ती शू शू बेबी नावाचं दुसरं बी-१७ हलल्यावर. ते स्मिथसोनियनला गेलं, आणि त्या अदलाबदलीत स्मिथसोनियनकडून २००८ मध्ये डेटनला स्वूझ मिळालं, उरलेलं एकमेव बी-१७डी. म्युझियमांचा व्यवहार असा चालतो, पैशाने कमी आणि वस्तुविनिमयाने जास्त.

जोडलेल्या दोन धडांचं एफ-८२ दिसलं की थांबा. हवाई दलाने १९६६ मध्ये असंच एक विमान जुनी विमानं उडवणाऱ्या एका संस्थेला दिलं होतं. १९८७ मध्ये ते उतरताना मोडलं. संस्थेने २००२ मध्ये ते पी-३८ च्या बदल्यात देऊन टाकायचा घाट घातला, तेव्हा हवाई दल कोर्टात गेलं. अटींवर दिलेली भेट होती, तुमची मालमत्ता नव्हे, हे म्हणणं न्यायालयाने मानलं आणि विमान डेटनला परत आलं. मित्र इथे गप्प झाला.

बी-२४ लिबरेटर या बॉम्बफेकी विमानासमोर मात्र आम्हा दोघांनाही अभिमान वाटला. युद्धानंतर इंग्रज-अमेरिकनांनी कानपूरला मोडून टाकलेली ही विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टने (आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स) दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. लंडनच्या, कॅनडाच्या आणि टूसॉनच्या म्युझियममधली लिबरेटर त्याच ताफ्यातली आहेत. डेटनचं हे नाही.

आता थोडं कामाचं. एका दिवसात डेटन होत नाही, किमान दोन ठेवा, आणि चौथं हँगर (एक्सबी-७० हे प्रायोगिक बॉम्बफेकी विमान आणि राष्ट्राध्यक्ष केनेडींचं विमान) पहिल्याच सकाळी उरका, कारण राष्ट्राध्यक्षांच्या विमानात आत शिरायची वाट इतकी चिंचोळी आहे की नंतर रांग हलत नाही. दालनांत उजेड मुद्दाम मंद ठेवलाय, मोबाइलने फोटो अस्पष्ट येतात. जमिनीवर काँक्रीट आहे, पायांना जपणारे बूट घाला. एखादं ठरावीक विमान बघायलाच जाणार असाल तर म्युझियमला त्याच्या अनुक्रमांकासकट ईमेल करा, नुसतं प्रकाराचं नाव पुरत नाही. अनुक्रमांक शेपटीवर असतो, पण त्यातला दशकाचा आकडा गाळलेला असतो: बेल ४१-२४४८५ आहे, शेपटीवर १२४४८५ दिसतं. हा आकडा शोधात टाकला की विमान कुठून कुठे फिरलं ते सगळं उलगडतं.

ग्रिसमला हिवाळ्यात जायचं असेल तर उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. आणि तिथल्या स्वयंसेवकाला बी-१७ बद्दल विचारलंत तर बसायची तयारी ठेवा, गोष्ट लांबते.