अर्थिंगची वायर

"साहेब, सेल्फ मारा," असे सांगून नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली, तेव्हा आकडा ०.७ व्होल्टच्या वर गेला. "बॅटरी ठणठणीत आहे. करंटचा परतीचा रस्ता खराब झालाय."

गाडी नीट सुरू होत नसल्याने बॅटरी बदलण्याचा सल्ला मला आधीच मिळाला होता. बॅटरीचे निगेटिव्ह टोक इंजिनाला आणि बॉडीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचे नाव मात्र कोणी काढले नव्हते. वास्तविक इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने स्टार्टरचा सारा प्रवाह परत येतो तो याच जाड वायरीतून. तो १५० अँपिअर धरला आणि सांध्यांत अवघा ०.००५ ओहम अवरोध असला, तरी ०.७५ व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जातात.

जुनी वायर वरून धडधाकट दिसत होती, पण थिंबलजवळचे, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीजवळचे, आवरण कापताच आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या निघाल्या. (नाशिकचा पावसाळा बॉनेटखालीही पोहोचतो.) त्याने २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, कलई केलेले थिंबल दाबयंत्राने घट्ट बसवले आणि वर स्लीव्ह चढवली. सर्वाधिक वेळ मात्र त्याने वायर कसायच्या बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडण्यात घालवला. जाड वायरीपेक्षा हे खरवडणेच अधिक मोलाचे होते, असे माझे मत आहे. नंतरचे माप ०.१ व्होल्ट आले.

मिनिटभराची ही चाचणी नवी बॅटरी विकण्याआधी तुमच्या गॅरेजमध्ये कोणी करते का?