जुनापाणीची दगडांची वर्तुळं

काटोल रोडवर गोरेवाड्याच्या झूपर्यंत अख्खं नागपूर येते, पण त्याच रोडला जुनापाणीत साधारण तीनशे शिळावर्तुळं पडून आहेत हे सांगितलं की लोक विचारतात, "मंग तिथं पाहाले काय आहे?" खरं सांगायचं तर वर पाहायला काळे बसाल्टचे दगड, गोलात मांडलेले, मधी माती-मुरूम आणि वर गवत. बाकी सगळं खाली आहे, कारण या लोहयुगातल्या माणसांच्या कबरी आहेत, अडीच हजार वर्षांपेक्षा जुन्या.

रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात इथं पहिल्यांदा खोदलं, मग 1961-62 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी तीन वर्तुळं उघडली. लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, काळी-तांबडी मडकी, आणि घोड्याच्या जातीच्या जनावराची हाडं अन् तोंडातला लोखंडी लगाम. मले हा लगामच सगळ्यात भारी वाटते. मेलेल्या माणसासोबत त्याचं घोडं द्यायचं म्हणजे ते किती जीव लावलेलं असंल, किंवा मग निव्वळ ऐपत दाखवायची असंल, आपल्याकडे लग्नात दाखवतात तशी. जवळच्याच माहुरझरीत तर घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिने सापडले. आणि हे लोखंड बाहेरून आणायची गरजच नव्हती, पारशिवनीकडं नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच निघाली आहे.

जुनापाणीत गेलात तर दगडांवरचे खळगे मात्र शोधा. काही मोजक्याच दगडांवर आहेत, गोल, रांगेत कोरलेले, बोट फिरवलं की लगेच कळतात. असे दगड वर्तुळात ठराविक दिशांनाच येतात असं मांडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) संशोधकांनी त्याचा संबंध आकाशाशी जोडला होता. मले ते अजून पूर्ण पटलेलं नाही, पण ज्यानं हे कोरलं त्यानं टाइमपास म्हणून नक्कीच नाही कोरलं, बसाल्टवर छिन्नी चालवून पाहा एकदा (म्हणजे तिथं नका चालवू, संरक्षित स्मारक आहे ते).

हिवाळ्यात सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असलं की खळग्यांत सावली भरते अन् दुरूनच दिसतात. दुपारी बाराले जाऊन "काहीच नाही ना बे इथं" म्हणणाऱ्या मित्रांना मी आता सोबत नेत नाही.