वारीतला बुचडा

पैठणहून नाथमहाराजांची पालखी निघाली तेव्हा माझ्या पिशवीत दोन फण्या होत्या. एक लाकडी, मोठ्या दातांची. दुसरी बारीक, उवांची. सोबत खोबरेल तेलाची छोटी बाटली, चार सुती पंचे, शाम्पूच्या दहा पुड्या आणि काळ्या फितीचं एक रीळ. आत्याबाईंनी पिशवी उचलून बघितली. "एवढं वझं केसाचंच हाय का?" म्हणाल्या, पण काढून ठेव असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांची अकरावी वारी, माझी पहिली.

बीडला माझं छोटं पार्लर आहे, चौदा वर्षं झाली. दर आषाढात वारीहून परतलेल्या बायका माझ्याकडे येतात. डोकं खाजतंय, केस राठ झालेत, मानेवर गाठी बसल्यात, कोंडा झालाय. मी त्यांना उपाय सांगायचे. पण त्या अठरा-एकोणीस दिवसांत डोक्याचं नेमकं काय होतं, ते मी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आत्याबाईंचे गुडघे आता थकलेत, सोबत कुणीतरी हवं, म्हणून निघाले हे खरं. पण मनात हेही होतंच.

गोदावरी मागे पडली आणि ऊन सुरू झालं. आपल्याकडे ज्येष्ठ संपत आला तरी पावसाचा भरवसा नाही. वर ऊन, खाली फुफाटा, आणि मधे "भानुदास एकनाथ" म्हणत चाललेली माणसं. पदर डोक्यावर असला तरी धूळ आत जातेच. घामाने ती मुळाशी बसते आणि संध्याकाळी बोट घातलं की नखात काळी माती येते.

पहाटे तीनला टँकरपाशी गर्दी. साड्यांचा आडोसा करून बायका अंधारातच आंघोळ उरकतात आणि बऱ्याच जणी रोज डोक्यावरून पाणी घेतात. देवाच्या वाटेवर आहोत, डोकं पवित्र पाहिजे, ही भावना. मग ओलेच केस पिळून बुचडा बांधायचा, वरून पदर, त्यावर चुंबळ, चुंबळीवर तुळस, की निघाली दिंडी. पहिले तीन दिवस मीही तेच केलं. चौथ्या रात्री बुचडा सोडला तर आतली बट अजून ओली होती. पहाटे बांधलेली, रात्री आठला ओली! पिळून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्याला येतो तसला आंबट वास माझ्याच केसांना येत होता, आणि मानेच्या वर बारीक पुरळ उठलं होतं.

ओला केस ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटतो, वाळलेल्यापेक्षा लवकर. त्यात ओला बुचडा घट्ट बांधला, वर पितळी वृंदावनाचं ओझं घेतलं, की दिवसभर तेवढ्याच जागी घासत राहतो. शिवाय पदराखाली ऊब आणि ओल दोन्ही मिळाली की कोंड्याची बुरशी फोफावते. म्हणून दिंडीतल्या बायांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. धुणं मोठं नाही, वाळवणं मोठं आहे. वाळवायला वेळ नसेल त्या दिवशी डोक्यावरून घेऊ नका. अंगावरून घ्या, आणि ओला पंचा बोटाला गुंडाळून भांगाभांगातून डोकं पुसून काढा. घाम आणि मीठ तेवढ्याने बरंच निघतं. मुक्काम लवकर पडला, ऊन शिल्लक आहे, असं तीन-चार दिवसांतून एकदा जमलं की मग पूर्ण धुवा आणि हरिपाठाला केस मोकळे सोडून बसा.

"कामून गं माय, मोकळ्या केसानं हरिपाठाला बसावं का?" एका म्हातारीने विचारलं. आत्याबाईच पुढे झाल्या. "पाठीवर पंचा टाक, त्यावर केस टाक, वरून पदर घे. पांडुरंगाला काय दिसायलंय?" दुसऱ्या दिवसापासून आमच्या दिंडीत पाच-सहा जणी तशा बसू लागल्या.

पाण्याचं तर विचारूच नका. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, आणि आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. त्यात साबण फेसाळत नाही, उलट त्याचा पांढरट चिकट थर केसावर बसतो. बायकांना वाटतं अजून मळ आहे, म्हणून त्या आणखी साबण चोळतात आणि थर वाढत जातो. अंगाच्या वडीने डोकं धुण्यापेक्षा अर्धी पुडी शाम्पू परवडला, जड पाण्यात त्याचा तसा थर बसत नाही. साबणच लावला असेल तर शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळून घ्यावं. चिकटपणा सुटतो. लिंबं काय, वाटेत प्रत्येक गावात कुणी ना कुणी सरबत वाटत असतंच.

ज्यांच्या डोक्यावर तुळस, त्यांचं टाळूवरचं ओझं रोज एकाच जागी येतं. चुंबळ जुन्या सुती लुगड्याची केली तर बरी. नायलॉनची साडी सरकते आणि केस कातरते. भांग रोज थोडा बाजूला घ्यायचा. रबर नको, फीत. कपाळावरून केस ओढून घट्ट वेणी घातली की वर्षानुवर्षांत पुढचा केस मागे सरकतो, तो मग सहजी परत येत नाही. तुळस घेणाऱ्या दोन जुन्या वारकरणींचं कपाळ मी जवळून बघितलं, फार वाईट वाटलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुरुषांचं सोपं. कित्येक जण निघण्याआधीच चकोट करतात, फक्त उघड्या टाळूला ऊन बाधतं, आणि टोपी रोज धुतली पाहिजे.

रायमोह्याच्या मुक्कामाला शाळेच्या खोलीत वीस-बावीस बायका ओळीने झोपलो, डोक्याला डोकं लागून. सकाळी तीन जणी डोकं खाजवत उठल्या. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, ती चालत जाते. केसाला केस टेकला की झालं. कुणीतरी रॉकेल लावायचं म्हणाली, कुणी डांबरगोळी तेलात कुटून. मी हात जोडले. रॉकेलने डोक्याची कातडी भाजते, चुलीजवळ भडका उडू शकतो, आणि डांबरगोळी विषारी आहे. तेल चोपडून, पांढरा पंचा अंगावर पसरून, बारीक फणीने मुळापासून टोकापर्यंत बट बट करून काढायच्या, एवढं पुरतं. पण एकदा काढून भागत नाही. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दोन आठवडे तरी फणी फिरवायची. त्या तिघींना मी पंढरपूरपर्यंत सोडलं नाही.

याच खोलीत मी अक्काला पहिल्यांदा नीट बघितलं. गेवराईकडची, पन्नाशीची, कमी बोलणारी. झोपतानासुद्धा तिचा पदर डोक्यावरून ढळत नसे. रात्री कुशीवर वळली तेव्हा पदर सरकला आणि मानेवर, डाव्या कानामागे, मला तो गोळा दिसला. मुठीएवढा, चपटा, नमद्यासारखा. दुसऱ्या दिवशी चालता चालता मी हळूच विचारलं. ती दचकली. "देवीची हाय ती. हात लावू नये. घरात वाईट व्हतंय."

जट. आपल्या भागातल्या बाईला हा शब्द नुसता ऐकला तरी धडकी भरते. अक्काला आधीच्या वर्षी टायफॉइड झाला होता, महिनाभर अंथरुणावर होती, विंचरणं झालं नाही. गळालेले केस तिथेच अडकले, घाम, तेल, धूळ यांनी त्यांचा गुंता झाला आणि वरून कुणीतरी सांगितलं की देवी आली, आता कापायचं नाही, धुवायचं नाही. सहा महिन्यांत तो गोळा घट्ट झाला. मान वळवताना ओढ बसायची, म्हणून ती एकाच कुशीवर झोपायची. आत ओल राहून खाज, खाजवून जखम. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षं बायकांच्या अशा जटा सोडवत आल्यात. मी त्यांच्याबद्दल वाचलं होतं, पण स्वतःच्या हाताने कधी केलं नव्हतं. आणि वारीत तर मी कुणाच्या श्रद्धेला हात घालायला आलेच नव्हते. गप्प बसले.

पुढे पाटोद्याच्या अलीकडे विसाव्याला आत्याबाईच बोलल्या. समोर बालाघाटाचे उघडे माळ, बाभळीची तुटपुंजी सावली. भाकरी-ठेचा खाऊन झाला होता. अक्काकडे न बघताच त्या म्हणाल्या, "गंगाखेडची जनी. तिच्या डोक्यात उवा झाल्या, तर खुद्द विठाबाई धावत आली, तिनं बुचडा सोडला, उवा मारल्या, डोकं इंचरलं. आपण रोज म्हणताव नव्हं तो अभंग? मग त्यानं का हात मागं घेतला व्हता?"

जनाबाईंचा तो अभंग मी कितीदा ऐकलाय. पार्लरच्या खुर्चीमागे उभी असताना कधी आठवला नव्हता.

अक्का बराच वेळ मातीत काडीने रेघा ओढत बसली. मग पदर मागे घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. बोलली काहीच नाही.

त्या संध्याकाळी मी सगळी बाटली रिकामी केली. तेल गोळ्यात जिरायला तास गेला. फणी लावलीच नाही. बाहेरच्या कडेपासून, टोकाकडून मुळाकडे, एकेक केस बोटांनी सुटा करायचा, डाव्या हाताने मूळ धरून ठेवायचं म्हणजे ओढ बसत नाही. बाजूला एक जण मोबाइलची बॅटरी धरून. आतून काय काय निघालं! वाळलेलं हळदकुंकू, गव्हाचा एक दाणा, मेलेल्या केसांचे पुंजके. वास इतका होता की बॅटरी धरणारीने तोंड फिरवलं, पण हात हलू दिला नाही. अक्का दर थोड्या वेळाने विचारायची, "रगत आलं का?" तिला सांगितलं होतं की जट सोडली की रक्त येतं. मी दर वेळी बोटं उजेडात धरून दाखवायचे. तेलाने काळी झालेली, बस.

चार संध्याकाळी बसलो. पाटोदा तालुक्यातच पारगाव घुमऱ्याला रिंगण झालं. अश्व धावून गेल्यावर टापांखालची माती सगळ्यांनी कपाळाला, डोक्याला लावली. अक्कानेही लावली, मीही लावली. ती धुऊन टाका असं मी कुणाला म्हणाले नाही. रात्री नुसतं विंचरून घेतलं. दिघोळ, खर्डा मागे पडलं. अर्ध्याहून जास्त गोळा सुटला, पण कातडीलगतचा गाभा दगडासारखा होता. तो ओढत बसलो असतो तर मुळं उपटली असती. परंड्याला, किल्ल्याजवळच्या मुक्कामी, अक्का स्वतःच म्हणाली, "ऱ्हाईलेलं काप." एका दुकानातून कात्री आणली, कातडीपासून बोटभर अंतर ठेवून नव्हे, जेमतेम नखाएवढं ठेवून कापलं, कारण आत जखम दिसत होती. ती जखम दिंडीसोबतच्या डॉक्टरांना दाखवली. कापलेला गोळा तिने पंच्यात बांधला आणि बाभळीखाली पुरला. नमस्कार केला. मीही केला.

त्या रात्री ती उताणी झोपली.

वाळवंटात पोचलो त्या दिवशी चंद्रभागेला थोडं पाणी होतं, गर्दी अफाट. कळसाचं दर्शन घेऊन आम्ही दिंडीतल्या सगळ्या जणी रेतीत ओळीने पाठ करून बसलो, एकीमागे एक, आणि पुढचीचे केस मागचीने पंच्याने टिपून सुकवले. कुणी रगडलं नाही, दाबून टिपलं. एवढं त्या शिकल्या होत्या.

परतल्यावरचं एक सांगायचं राहिलं. गौरी-गणपतीपासून नवरात्रापर्यंत माझ्याकडे वारी केलेल्या बायका घाबऱ्या होऊन येतात. केस पुंजक्यांनी गळतात, कुणाची नजर लागली का? नजर नाही. रोज पन्नास ते शंभर केस तर कुणाचेही गळतात. पण लांबची चाल, मधेच आलेला ताप, उतरलेलं वजन, याचा धक्का केसाला लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी दिसतो. पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि मग एकदम गळतात. मुळं जागेवर असतात, काही महिन्यांत केस परत येतात. महागडी तेलं घेत बसू नका. वाटेत शेंगदाणे-गूळ, फुटाणे खिशात ठेवा, घरी आल्यावर डाळी, पालेभाज्या, अंडी चालत असतील तर अंडी खा. गळणं सहा महिन्यांपलीकडे गेलं, किंवा रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, तर मात्र डॉक्टरांकडे जा. रक्त तपासून घ्या, आपल्याकडच्या बऱ्याच बायकांत लोह कमी असतं.

नवरात्रात सातव्या माळेला अक्का पार्लरमध्ये आली. गेवराईहून एसटीने, एकटी. पदर खांद्यावर होता. डाव्या कानामागे हात लावून दाखवलं. जखम भरली होती आणि तिथे बोटाच्या पेराहून थोडे मोठे, काळेभोर, ताठ केस उभे होते. महिन्याला सेंटीमीटरभर, हिशोबाने तेवढेच. मी चहा सांगितला. तिने खुर्ची फिरवली, आरशाकडे पाठ केली, स्वतःच्या हाताने बुचड्याचा आकडा काढला आणि म्हणाली,

"इंचर माय."