आमची वाटचाल : बिलाच्या काउंटरवरून औषधाच्या डब्यापर्यंत

औषधाच्या दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देणं हा आमचा मूळ धंदा. गाव मिरज, म्हणजे दवाखान्यांचं गाव. विल्यम वान्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं. आज सांगली-कोल्हापूरच नाही, तर अथणी, जमखंडी, विजापूरकडूनही पेशंट मिरजेला येतात. मेडिकलच्या काउंटरवर मराठी आणि कानडी दोन्ही ऐकू येतात. सॉफ्टवेअर बसवून द्यायला आणि शिकवायला आम्ही त्या काउंटरच्या आतल्या बाजूला तासन्‌तास बसायचो. बिल होऊन पिशवी हातात पडली की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "ह्यातली कुठली कधी घ्यायची?" फार्मासिस्ट पाकिटावर बॉलपेनाने ‘सकाळी १, रात्री १, जेवणानंतर’ लिहून द्यायचा. मागे रांग असायची, त्यामुळे बोलणं तिथेच संपायचं. औषधाची आठवण करून देणारं अ‍ॅप करायचं, हे आमचं त्या काउंटरवर ठरलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. हा आकडा वाचला की पहिला विचार येतो तो गजराचा. गजर लागतोच. पण कोड लिहायला बसण्याआधी आम्ही ओळखीच्या घरांत जाऊन औषधांचे डबे उघडून पाहिले, आणि खरं काम तिथे दिसलं.

एका घरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आजोबांची सगळी औषधं होती. पाचच गोळ्या हव्या होत्या म्हणून कात्रीने कापून आणलेल्या पट्ट्या होत्या आणि त्या कापण्यात कुठे औषधाचं नाव गेलेलं, कुठे एक्स्पायरी. त्यात रक्तदाबाच्या दोन वेगळ्या पट्ट्या होत्या. एक नेहमीच्या दुकानातली, दुसरी जनऔषधी केंद्रातली. रंग वेगळा, आकार वेगळा, नाव वेगळं, आत मात्र दोन्हींत टेल्मिसार्टनच. आजोबा दोन्ही गोळ्या रोज न चुकता घेत होते. अशा माणसाला वेळेवर वाजणारा गजर दिला, तर तो दुप्पट डोस वेळेवर घेईल.

म्हणून आमच्या अ‍ॅपमध्ये औषधाची ओळख ब्रँडवरून होत नाही, आतल्या घटकावरून होते. ही माहिती आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होतीच, कारण दुकानदाराला बदली ब्रँड शोधायला ती लागते. आता बिलावर क्यूआर कोड येतो. तो स्कॅन केला की औषधं घटकासह फोनमध्ये उतरतात, आणि तोच घटक आधीपासून यादीत असेल तर अ‍ॅप थांबून सांगतं, "हे औषध तुम्ही आधीच घेताय, दुकानदाराला विचारा." वेळा मात्र आपोआप भरत नाहीत. फार्मासिस्टने चिठ्ठी पाहून त्या भरायच्या आणि पेशंटला वाचून दाखवायच्या. मागे रांग असली तरी ही पायरी आम्ही गाळू दिलेली नाही.

वेळेचा प्रश्न सगळ्यात जास्त गुंतागुंतीचा निघाला. चिठ्ठीवर असतं १-०-१. घरात सकाळ म्हणजे कुठे साडेपाच, कुठे नऊ. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. आपल्याकडे डोळे उघडले की आधी चहा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर लागतं. म्हणून आम्ही पेशंटला आधी त्याच्या घराचा दिवस विचारतो: उठता कधी, पहिला चहा कधी, जेवणं कधी, झोपता कधी. गोळ्या त्या दिवसाला बांधतो. जेवण उशिरा झालं आणि पेशंटने तसं सांगितलं, तर जेवणानंतरची गोळी मागे सरकते. पार्किन्सन्सच्या पेशंटला हे चालत नाही. लेव्होडोपाची वेळ चुकली तर माणूस अक्षरशः जागीच अडकतो, आणि प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. तिथे घड्याळच पाळावं लागतं. कुठली गोळी घराच्या वेळेवर आणि कुठली घड्याळावर, हे फार्मासिस्ट ठरवतो.

उपवासाचं काय, हे आम्हाला मेडिकलवाल्यांनीच आधी विचारलं. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन माणूस जेवलाच नाही, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रमजानचे रोजे, हे आपल्याकडच्या पेशंटच्या आयुष्याचा भाग आहेत. पेशंटने आपले उपवास नोंदवले की अ‍ॅप आदल्या दिवशी विचारतं, "उद्या उपवास आहे. गोळ्यांचं डॉक्टरांशी बोललात का?" खाली डॉक्टरांना फोन लावायचं बटण असतं. डोस कमी करा, गाळा किंवा वाढवा, असं आमचं अ‍ॅप कधीही सांगत नाही. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्याव्यात का, या प्रश्नालाही ते फक्त डॉक्टर किंवा फार्मासिस्टचा नंबर पुढे करतं. यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ग्राहकांना उत्तर हवं असतं हे खरं, पण ते द्यायचा अधिकार आमचा नाही.

मेथोट्रेक्सेटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या एका औषधासाठी आम्ही वेगळी स्क्रीन बनवली. आमवातात, म्हणजे सांधे सुजणाऱ्या संधिवातात, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येण्यापासून अस्थिमज्जा निकामी होण्यापर्यंत, जिवावर बेतू शकतं. जगभर असे प्रसंग घडलेले आहेत. आमच्या अ‍ॅपमध्ये हे औषध ‘रोज’ म्हणून भरताच येत नाही. आधी वार निवडावा लागतो. निवडलेल्या वारी गोळी दिसते आणि बाकीचे सहा दिवस त्या जागी मोठ्या अक्षरांत ‘आज नाही’ दिसतं, पुढच्या गोळीचा वार लिहून. अ‍ॅपमध्ये मला सगळ्यात मोलाची वाटणारी स्क्रीन हीच आहे, आणि तिच्यावर गजर नाही.

गजराची बाजू तांत्रिकदृष्ट्या जिकिरीची होती. अँड्रॉइडच्या २०१५ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून पडून असलेला फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप्स झोपवतो. पुढे बाराव्या आवृत्तीत ठरल्या मिनिटाला गजर वाजवण्यासाठी वेगळी परवानगी आली, तेराव्यात सूचना दाखवण्यासाठीही आली. काही कंपन्यांचे फोन त्यावर आपले आणखी नियम लावतात. फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर पुसले जातात, ते अ‍ॅपला पुन्हा लावावे लागतात. आयफोन एका अ‍ॅपच्या पुढच्या ६४ सूचनाच धरून ठेवतो, म्हणजे दिवसाला पाच वेळा गोळ्या असतील तर बारा दिवसांचीच बेगमी. म्हणून पहिल्याच दिवशी दुकानात, फार्मासिस्टच्या समोर, अ‍ॅप एक चाचणीचा गजर वाजवून दाखवतं. तो वाजल्याशिवाय नोंदणी पूर्ण होत नाही.

गजर बंद करण्याचं बटण आणि ‘घेतली’चं बटण आम्ही वेगवेगळ्या जागी ठेवलं. पूजेला बसलेल्या आजी आवाज थांबावा म्हणून हाताला लागेल ते बटण दाबतात. एकच बटण असेल तर पोटात न गेलेली गोळी ‘घेतली’ म्हणून नोंदली जाते. आवाज बंद केला तर पाच मिनिटांनी अ‍ॅप गोळीचं चित्र दाखवून पुन्हा विचारतं.

आणि आता घरच्यांविषयी. कर्ता मुलगा न्यू जर्सीत, आई मिरजेत, सोबत सून किंवा दिवसभराची बाई, अशी कितीतरी घरं आमच्याकडे आहेत. मुलाला वाटतं, गोळी चुकली की लगेच मला कळावं. आईची सकाळची गोळी म्हणजे त्याची रात्र, आणि तिथून तो फोन करण्यापलीकडे काही करू शकत नाही. एका आजींनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, "अहो, मला विचारा की घेतली का म्हणून. पोराला कशाला विचारता?" त्यांच्या म्हणण्यावर पुढची सगळी रचना उभी आहे. गोळी चुकली तर पहिली आठवण पेशंटलाच. अर्ध्या तासाने घरातल्या माणसाला. दूरच्या माणसाला दिवसाअखेरीस एकत्र निरोप. कुठलं औषध कोणाला दिसावं हे पेशंट ठरवतो. मानसिक आजाराच्या गोळ्या सासरी दिसू नयेत असं वाटणाऱ्या बायकांनी आमच्याकडे हे मागितलं होतं. प्रत्येक औषधाला वेगळं कुलूप आहे. दिलेली परवानगी जिथे दिली तिथेच, एका बोटात, मागे घेता येते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं आहे.

पैसे आम्ही दुकानांकडून घेतो, वर्षाची वर्गणी म्हणून. पेशंटला अ‍ॅप फुकट आहे. गोळ्या संपत आल्या की पेशंटला आठवण जाते, त्यामुळे दुकानाचं गिऱ्हाईक टिकतं, हा त्यांचा फायदा. कुठल्या भागात कुठला ब्रँड किती खपतो ही माहिती विकत द्या, असा प्रस्ताव एका कंपनीकडून आला होता. रक्कम आमच्या लहान कंपनीसाठी मोठी होती. आम्ही नाही म्हटलं, आणि औषधांच्या जाहिरातीही घेत नाही.

सध्या साध्या, बटणांच्या फोनसाठी काम चालू आहे, कारण ग्रामीण भागातून येणाऱ्या बऱ्याच वयस्कर पेशंटकडे तेच फोन आहेत. देवनागरीतला एसेमेस ७० अक्षरांतच बसवावा लागतो आणि तो वाचता येईलच असं नाही, म्हणून आम्ही फोन करणार आहोत. क्षयरोगाच्या औषधांसाठी आपल्याकडे ‘९९डॉट्स’ ही पद्धत वापरली गेली. तिच्यात गोळी काढली की पाकिटावर एक लपलेला नंबर दिसतो आणि पेशंट त्यावर फुकट फोन लावतो. इतक्या साध्या साधनात किती विचार आहे, ते आम्हाला काम करताना कळत गेलं. आमच्याकडे फोन उलट दिशेने जाईल: ठरल्या वेळी पेशंटला, मराठीत किंवा उत्तर कर्नाटकातल्या कानडीत, गोळीचा रंग आणि आकार सांगून. घेतली असेल तर १, थांबायचं असेल तर २. कानडी आवाजाचं ध्वनिमुद्रण झालंय, मराठीचं या महिन्यात होईल.