फळ्यांत मुरलेलं तेल

इंग्लंडमधल्या हडर्सफील्डहून पश्चिमेला निघालं की कोल्न नदीचं खोरं पेनाइन डोंगरांत चढत जातं. इथलं पाणी मृदू. लोकर धुवायला साबण कमी लागे, म्हणून या काठाला गिरण्याच गिरण्या. लिन्थवेटच्या टायटॅनिक मिलमध्ये आता स्पा आणि फ्लॅट आहेत. आमचं काम त्याच खोऱ्यातल्या एका लहान गिरणीत होतं. तिथेही पर्यावरणस्नेही स्पा व्हायचा होता, आणि हीटिंग-व्हेंटिलेशन माझ्याकडे होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण उष्णता देऊन चाचणी घेतली. स्विमिंग पूलचं पाणी 30 अंश, हॉलची हवा 31. हवा पाण्यापेक्षा थोडी गरम ठेवली की बाष्पीभवन कमी होतं, आणि पूलची सर्वांत जास्त उष्णता जाते ती बाष्पीभवनातच. छतावर कितीही सोलर पॅनेल लावा, ही गळती थांबवली नाही तर 'इको' हे नुसतं पाटीवर राहतं.

दुपारी वरच्या मसाजच्या खोल्यांत वास सुटला. जड, तेलकट, किंचित खवट. मालकांच्या माणसाला वाटलं, ड्रेनेज तुंबलं. मी डक्ट तपासले, सगळे साफ. तेवढ्यात रखवालीला असलेले पंजाबी बाबा वर आले आणि दारातच थांबले. "बेटा, ये तो ऊन का तेल है." म्हणजे लोकरीचं तेल. साठच्या दशकात ते अशाच एका गिरणीत रात्रपाळीला होते. कताईआधी लोकरीवर तेल मारत, ते ठिबकून जमिनीच्या लाकडी फळ्यांत मुरे. आज खालून ऊब लागली आणि ते वर आलं. मशीन कुठे असतील, कोणत्या पट्ट्यात पाय घसरत असतील, हे ते हाताने दाखवत गेले. आम्ही फळ्यांवर खडूने खुणा केल्या. वास तिथेच सर्वांत उग्र होता.

ठेकेदार म्हणाला, सगळी जमीन काढून काँक्रीट टाकू. मी ठाम नाही म्हटलं. मी परळची. गिरण्या पाडून तिथे टॉवर उठताना बघत मोठी झाले, आणि उभी इमारत वाचवणं ही पर्यावरणाची पहिली सेवा आहे असं मनापासून मानते. तुळया भक्कम होत्या, बिडाचे खांब सरळ होते. त्यांच्यावर नव्या सिमेंटचा भार कशासाठी?

पण मसाजच्या खोलीत तो वास चालणार नव्हता, आणि तेल प्यालेलं लाकूड आगीच्या दृष्टीनेही धोक्याचं. संध्याकाळपर्यंत ठरलं: खुणा केलेल्या फळ्या काढायच्या, बाकीच्या जागेवरच ठेवायच्या. काढलेल्यांचे कालव्याकाठी बाक करायचे, तेलामुळे पावसातही त्या टिकतील. बाबांनी त्यातली एक मागून घेतली.

रात्री पूलवर आच्छादन घालायचंच, हेही मी त्याच बैठकीत लेखी घेतलं.